विकायची आहे : १९६५ ची जीटीओ

गेल्या वर्षी सप्टेंबर सरता सरता शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावून घेतले, कामाच्या टेबलावर एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "जाहिरात तुम्ही लिहा. मी लिहायला बसलो तर माझ्या हातून तिचे कौतुकच लिहून होईल, आणि घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही." ती म्हणजे त्यांची १९६५ सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ : गडद निळी, दोन दारांची, चार गिअरची. व्हिएतनामहून परतल्यावर साठलेल्या पगारातून १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी ती पहिल्या मालकाकडून घेतली होती. आता डाव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाल्यामुळे तिचा जड क्लच त्यांना दाबवत नव्हता. मुले दूरच्या राज्यांत स्थिरावलेली, त्यांना गाडी नको होती. कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी रोज बघणे आजोबांना सहन होत नव्हते, म्हणून ती विकायची होती.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. चिंचवडच्या कारखान्यात उमेदवारी करून इकडे आलो त्याला पंचवीस वर्षे झाली, आणि या काळात गाडीच्या सांगाड्याचा पत्रा कुठे किती जाडीचा असावा, हेच माझे काम राहिले आहे. या भागातल्या मराठी घरांत हे नवलाचे नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटणारी कितीतरी माणसे कुठल्या ना कुठल्या गाडीच्या एखाद्या भागावर आयुष्य घालवत असतात. पण जुनी गाडी हाताने खोलायला आणि जोडायला मला या आजोबांनी शिकवले. अकरा वर्षे आमचे शनिवार त्या गॅरेजमध्ये गेले. त्यामुळे जाहिरात लिहिण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा ते मला हलके वाटले नाही.

जीटीओ म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. मसल कार या प्रकाराची व्याख्या सोपी आहे : मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या, महागड्या गाडीचे इंजिन बसवायचे. त्याआधीही असे प्रयोग झाले होते, पण ही कल्पना सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणली ती जनरल मोटर्सची शाखा असलेल्या पॉन्टिअ‍ॅकने, १९६४ च्या मॉडेलमध्ये. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, आणि १९६३ च्या सुरुवातीला कंपनीने आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावले होते. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांच्या लक्षात आले की मोठ्या पॉन्टिअ‍ॅकचे ३८९ घनइंची इंजिन मध्यम आकाराच्या टेम्पेस्टच्या नाकात जसेच्या तसे बसते. नवे मॉडेल म्हटले असते तर वरिष्ठांची मंजुरी लागली असती, म्हणून त्यांनी ते टेम्पेस्ट ले मान्स या गाडीवरचे एक जादा पॅकेज म्हणून दाखवले. त्याची किंमत तीनशे डॉलरहून थोडी कमी होती. नाव फेरारीच्या एका शर्यतीच्या गाडीवरून उचलले. विक्री विभागाला ५,००० गाड्याही खपतील याची खात्री नव्हती. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

३८९ घनइंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी १,०८९ सीसीची होती, म्हणजे तशी जवळजवळ सहा इंजिने या एका बोनेटखाली मावली असती. १९६५ च्या जीटीओला साध्या चार तोंडांच्या कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर, ३३५ अश्वशक्ती मिळत असे आणि 'ट्राय-पॉवर' म्हणजे एकामागे एक बसवलेल्या तीन कार्ब्युरेटरांवर ३६०. हे आकडे आजच्या गाड्यांच्या आकड्यांशेजारी ठेवू नयेत, कारण तेव्हा इंजिन सुटे ठेवून, पंखा आणि सायलेन्सरचे ओझे न लावता मोजत. १९७२ पासून गाडीत बसलेल्या अवस्थेतले आकडे देण्याची पद्धत आली. ट्राय-पॉवरची गंमत अशी की शांतपणे चालवताना केवळ मधला कार्ब्युरेटर काम करतो, आणि पाय जोराने दाबला की पुढचा व मागचा एकदम उघडतात. त्या क्षणी इंजिनाचा आवाज बदलतो. घुमणारा खर्ज एका दमात वर चढून मोकळा होतो. मी तो आवाज आमच्या गल्लीच्या टोकाशी, वुडवर्ड अव्हेन्यूला वळताना, कितीतरी वेळा ऐकला आहे.

वुडवर्ड हा या गाड्यांचा रस्ता. १९०९ साली या रस्त्याचा एक मैल काँक्रीटचा झाला आणि अमेरिकेतला तसा पहिला रस्ता म्हणून इथले लोक अजून त्याचा अभिमान बाळगतात. साठच्या दशकात शुक्रवारी-शनिवारी रात्री तरुण मुले सिग्नलपासून सिग्नलपर्यंत इथे शर्यती लावत, आणि कारखान्यांतले अभियंतेही नव्या गाड्या घेऊन त्यांच्यात मिसळत. रॉयल ओकमधली एक पॉन्टिअ‍ॅक विक्रेता कंपनी तर जीटीओ आणखी वेगवान करून देण्यासाठी देशभर ओळखली जात होती. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' भरते, आणि फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅक गावापर्यंत जुन्या गाड्यांची रांग लागते. आजोबांची गाडी याच पॉन्टिअ‍ॅक गावच्या कारखान्यात बनली. आमच्या घरापासून तो गाव काही मैलांवर आहे. साठ वर्षांत ही गाडी आपल्या जन्मगावापासून फारशी दूर गेलेली नाही. जाहिरातीत मी हे पहिल्याच ओळीत लिहिले होते, पण आजोबांनी ते खोडून टाकले. ते म्हणाले, "आधी पुरावा, मग आठवण."

पुरावा हा या व्यवहारातला सगळ्यात अवघड भाग आहे. १९६६ पासून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल झाले आणि त्या गाड्यांचा ओळख क्रमांक २४२ ने सुरू होतो, त्यामुळे क्रमांक वाचला की गाडी कळते. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओला मात्र ती सोय नाही. चालकाच्या दाराच्या बिजागरीजवळ खांबाला बसवलेल्या छोट्या पट्टीवर '२३७३७५पी' अशी सुरुवात दिसते, आणि तिच्यावरून एवढेच कळते की ही पॉन्टिअ‍ॅकची ले मान्स आहे, दोन दारांची आहे, १९६५ ची आहे आणि पॉन्टिअ‍ॅक गावच्या कारखान्यातली आहे. जीटीओ पॅकेजविषयी पट्टी गप्प असते. ज्या युक्तीमुळे ही गाडी जन्माला आली, त्याच युक्तीमुळे साठ वर्षांनंतर तिचे खरेपण सिद्ध करणे कठीण झाले आहे. साध्या ले मान्सला जीटीओची चिन्हे, बोनेट आणि इंजिन लावून ती जीटीओ म्हणून विकणे कोणालाही शक्य आहे, आणि असे गेली चाळीस वर्षे होत आले आहे.

याचा फटका मी स्वतः खाल्लेला आहे, म्हणून या बाबतीत माझे मत कडक आहे. इकडे आल्यावर सहाव्या वर्षी मी १९६९ ची एक शेव्हरोले शेव्हेल 'एसएस ३९६' म्हणून घेतली. विकणारा मनमोकळा होता, रंग आरशासारखा होता, चिन्हे सगळी जागच्या जागी होती. १९६८ पर्यंत एसएस ३९६ ला स्वतःचा क्रमांक होता, १९६९ ला ते पॅकेज झाले आणि क्रमांकावरून ओळखण्याची सोय संपली, हे मला तेव्हा माहीत नव्हते. हिवाळ्यात गाडी उचलून खाली गेलो आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या झाकणाचे बोल्ट मोजले. ते दहा भरले. खऱ्या एसएस ३९६ ला बारा बोल्टांचा अ‍ॅक्सल असतो. मग एकेक गोष्ट उलगडत गेली : इंधनाची नळी छोट्या इंजिनाला असते तशी बारीक होती, आणि कारखान्याचा एकही कागद गाडीबरोबर नव्हता. ती साधी मालिबू, म्हणजे शेव्हेलचाच नेहमीचा प्रकार, होती. मालिबू ही वाईट गाडी मुळीच नव्हे. तिला मालिबू म्हणून विकले असते तर मी तिच्यावर प्रेमच केले असते. त्या वर्षी पैसे गेले ते भरून निघाले, पण गाडीकडे बघताना मनात येणारा संशय गेला नाही, आणि दोन वर्षांनी मी ती तिच्या खऱ्या नावाने, खऱ्या किमतीला विकली.

पॉन्टिअ‍ॅकच्या बाबतीत एक मोठा दिलासा आहे. 'पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' या संस्थेकडे १९६१ पासूनच्या पॉन्टिअ‍ॅक गाड्यांच्या कारखान्यातल्या बिलांच्या प्रती आहेत, आणि ओळख क्रमांक कळवून शुल्क भरले की आपल्या गाडीच्या बिलाची प्रत मिळते. फोर्डसाठी १९६७ पासूनची अशी माहिती 'मार्टी रिपोर्ट' या नावाने मिळते. क्रायस्लरच्या १९६८ पासूनच्या गाड्यांना हे भाग्य नाही. त्यांच्या मालकांना बोनेटखालच्या पत्र्याच्या पट्टीवर आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेल्या, कारखान्यात कामगारांना सूचना देणाऱ्या कागदावर विसंबावे लागते. तो कागद जपून ठेवण्यासाठी नव्हताच, काम संपल्यावर फेकायचा होता. एखाद्याने जुनी सीट उसवली, आत उंदरांनी कुरतडलेला पण वाचता येईल असा कागद निघाला, आणि गाडीची किंमत त्या क्षणी बदलली, असे या व्यवहारात खरोखर घडते.

आम्ही बिलाची प्रत मागवली. आजोबांनी आजवर ती कधी मागवली नव्हती, कारण त्यांना तिची गरजच वाटली नव्हती. प्रत आली तेव्हा आम्ही दोघे त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो होतो. गाडी खरी जीटीओ होती. चार गिअर, सेफ-टी-ट्रॅक नावाचा, दोन्ही चाकांना जोर देणारा अ‍ॅक्सल, रेडिओ, आणि 'नाइटवॉच ब्लू' हा रंग, हे सगळे होते. ट्राय-पॉवरची ओळ मात्र कुठेही नव्हती. मी बिल दोनदा खालीवर वाचले. आजोबा गॅरेजमध्ये गेले, मागोमाग मी गेलो. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या खाली, साठ वर्षांचे तेल आणि धूळ बसली होती. रॉकेल आणि पितळी ब्रशने मी ती जागा साफ केली, तशी दोन अक्षरे वर आली : डब्ल्यूटी. हाताने बदलायच्या गिअरच्या गाडीत ट्राय-पॉवर असेल तर तिथे डब्ल्यूएस हवे. डब्ल्यूटी म्हणजे चार तोंडांचा एकच कार्ब्युरेटर, ३३५ अश्वशक्ती.

मग मधल्या कार्ब्युरेटरकडे लक्ष गेले. तो १९६६ सालचा होता, आधीच्या वर्षीच्या मधल्या कार्ब्युरेटरपेक्षा मोठ्या तोंडाचा. अकरा वर्षे मी तो उघडत, साफ करत, पुन्हा बसवत होतो आणि मला ते दिसले नव्हते. पॉन्टिअ‍ॅकच्या दुकानांत हे तिन्ही कार्ब्युरेटर आणि त्यांची नळी सुटे भाग म्हणून मिळत असत. पहिल्या मालकाने ते घेऊन बसवले आणि १९६८ साली विकताना "कारखान्यातूनच असे आले आहे," असे एका सैन्यातून परतलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला सांगितले. त्या मुलाने विश्वास ठेवला आणि पुढची पंचावन्नहून अधिक वर्षे सगळ्यांना तेच सांगितले. ट्राय-पॉवर कारखान्यातली की नंतरची, यावर किमतीत मोठा फरक पडतो. आजोबा बराच वेळ फेंडरवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "लिहा. कारखान्यातून चार तोंडांचा कार्ब्युरेटर, तीन नंतर बसवले. सगळ्यात वर लिहा, खाली लपवू नका."

मी तसेच लिहिले. यानंतर जाहिरातीचा बाकीचा भाग मला सोपा गेला, कारण किती सांगायचे याचे माप ठरून गेले होते.

इंजिन मूळचे आहे का, हा पुढचा प्रश्न. जाहिरातींत 'नंबर्स मॅचिंग' हे शब्द इतके सढळ हाताने वापरले जातात की त्यांचा अर्थ झिजून गेला आहे. १९६८ पासून इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा भाग कोरला जाऊ लागला, त्यामुळे त्या आणि पुढच्या गाड्यांत जुळणी खरोखर तपासता येते. १९६५ च्या पॉन्टिअ‍ॅकच्या इंजिनावर गाडीचा क्रमांक नाही. तिथे इंजिनाची अक्षरे योग्य आहेत का, आणि मागे डिस्ट्रिब्युटरजवळ ओतकामाच्या वेळी उमटलेली तारीख गाडी बनण्याच्या थोडी आधीची आहे का, एवढेच पाहता येते. आमच्या गाडीत दोन्ही बरोबर होते. तरी मी 'मॅचिंग' हा शब्द लिहिला नाही; 'अक्षरे आणि तारीख या गाडीशी सुसंगत आहेत' असे लिहिले आणि दोन्हींची छायाचित्रे जोडली. इंजिन एकदा उघडून नव्याने भरले आहे, शिशाविरहित पेट्रोल चालावे म्हणून तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या केल्या आहेत, आणि १०.७५ च्या कॉम्प्रेशनमुळे, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण तितके पट दाबले जात असल्यामुळे, तिला सगळ्यात महाग पेट्रोलच लागते, हेही लिहिले.

खरा जीव ओतून लिहिला तो पत्र्याचा परिच्छेद, कारण तो माझा विषय आहे आणि मिशिगनमध्ये जुन्या गाडीचा शत्रू एकच आहे : रस्त्यावरचे मीठ. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर चाकांच्या कमानीत, दारांच्या तळाशी, डिकीच्या फरशीत, मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून पाहणाऱ्याला रंगाखाली एक छोटा फुगा दिसतो. तो फोडला की बोट आत जाते. म्हणूनच अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या गाडीचा, तिचा रंग उन्हाने पांढरा पडलेला असला तरी, पत्रा इथल्या चकाकत्या गाडीपेक्षा भरवशाचा असतो. घेणाऱ्याने एक साधे चुंबक खिशात ठेवावे. पत्र्यावर ते चटकन चिकटते, पुट्टीच्या थरावर सैल पडते. शेव्हेल आणि जीटीओच्या सांगाड्याखाली स्वतंत्र चेसिस असते, मस्टँग किंवा डॉज चार्जरच्या खाली तशी नसते. तिथे फरशीच सांगाड्याचा भाग असल्यामुळे गंज खोलवर गेला असेल तर खर्च भलताच वाढतो. आजोबांनी सत्तरच्या दशकातले दोन हिवाळे सोडले तर ही गाडी मिठात कधी नेली नव्हती. त्या दोन हिवाळ्यांनी डावा फेंडर आणि डिकीच्या फरशीचा एक कोपरा खाल्ला होता. फेंडर १९८१ साली बदलून रंगवलेला, कोपऱ्यावर पत्र्याचा तुकडा वितळजोडाने लावलेला. बाकी रंग कारखान्यातलाच, जुन्या लॅकरचा. छतावर त्याला बारीक तडे गेले आहेत, उन्हात ते जुन्या चिनी मातीच्या बशीवरच्या रेघांसारखे दिसतात.

हे तडे ठेवायचे की घालवायचे, यावर या क्षेत्रात माणसे खरोखर भांडतात. एक पंथ गाडीचे शरीर चेसिसवरून सोडवतो, लोखंडी फिरकीवर चढवून आडवे-उभे फिरवतो, बोल्टनबोल्ट नवा करतो आणि कारखान्यात निघाली असेल त्याहून चकचकीत गाडी बाहेर काढतो. यात कसब आहे, आणि जिथे गाडी अर्धी कुजलेली आहे तिथे दुसरा मार्गही नाही. आज १९६९ च्या कॅमेरोचे अख्खे नवे शरीर विकत मिळते. पण जी गाडी अजून धड आहे तिचा मूळ रंग खरवडणे मला पटत नाही. नवा रंग केव्हाही देता येतो. १९६५ साली पॉन्टिअ‍ॅकच्या कामगाराने फवारलेला रंग एकदा गेला की गेला. फेंडरच्या आतल्या बाजूला रंगाचे शिंतोडे कुठे संपतात, तपासनिसाने खडूने केलेली खूण कुठे आहे, हे पाहूनच पुढचा माणूस दुसरी गाडी नीट दुरुस्त करतो. मूळ गाड्या संपल्या तर दुरुस्ती करणाऱ्यांना पाहायला नमुनाच उरणार नाही.

बाजारालाही हे हळूहळू उमगले आहे. स्टीव्ह मॅक्वीनने एका चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पळवलेली १९६८ ची हिरवी मस्टँग एका कुटुंबाने १९७४ साली जाहिरात वाचून ६,००० डॉलरला घेतली, घरची रोजची गाडी म्हणून वापरली, आणि पुढे मॅक्वीनने पत्र लिहून परत मागितली तरी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात ती आली तेव्हा तिचा रंग विटलेला होता, पत्र्यावर गंज होता, कॅमेरा बसवण्यासाठी जोडलेले लोखंडाचे तुकडे खाली तसेच होते. बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. शुल्क धरून ३७.४ लाख. तिला कोणी 'नवी' केली असती तर तो चित्रपट तिच्या अंगावरून पुसला गेला असता. त्याआधी २०१४ साली १९७१ ची एक उघड्या छताची, क्रायस्लरच्या प्लिमथ शाखेची हेमी कुडा ३५ लाख डॉलरला गेली होती. तशा गाड्या डझनभरच बनल्या होत्या. एवढ्या थोड्या बनण्याचे कारण साधे आहे : १९७१ साली त्या कोणाला नको होत्या. विमा कंपन्यांनी तरुणांच्या हप्त्यांत जबर वाढ केली होती, १९७० अखेरच्या स्वच्छ हवेच्या कायद्यासाठी जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले होते, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर उरलेसुरले गिऱ्हाईकही गेले. १९७४ ची शेवटची जुनी जीटीओ ७,०५८ खपली. पॉन्टिअ‍ॅक हे नावच बंद करण्याचा निर्णय २००९ साली झाला. डेट्रॉइटला खेटून असलेल्या ज्या हॅमट्रॅमक गावात कुडा बनत असे, तिथल्या जुन्या डॉज कारखान्याच्या जागेवर उभ्या राहिलेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात आता विजेवर चालणाऱ्या गाड्या बनतात, आणि माझे स्वतःचे सध्याचे कामही तशाच एका गाडीच्या सांगाड्यावर चालू आहे.

किमतीचा आकडा मी इथे देत नाही. तो आजोबांचा खाजगी विषय आहे. एवढे सांगतो की खऱ्या ट्राय-पॉवर गाडीच्या भावापासून सुरुवात करण्याचा सल्ला त्यांना दोघांनी दिला होता आणि त्यांनी तो मानला नाही. १९५४ पासून जुन्या गाड्यांच्या जाहिराती छापत आलेल्या 'हेमिंग्ज'मध्ये आणि जीटीओ मालकांच्या संघटनेत आम्ही जाहिरात दिली. फोन भरपूर आले. काहींना फक्त इंजिन हवे होते. एकाला गाडीत आजचे इंजिन, आजचे ब्रेक आणि वातानुकूलन बसवायचे होते. कुजलेल्या, इंजिन हरवलेल्या गाडीचे असे रूपांतर मी आनंदाने पाहीन, पण या गाडीचे नको, आणि आजोबांनी त्याला तसे नम्रपणे सांगितले. एका व्यापाऱ्याने न बघताच चांगली रक्कम देऊ केली. त्याला बिलाची प्रत नको होती. ती ज्याला नको त्याला गाडी द्यायची नाही, असे आजोबांचे म्हणणे पडले.

शेवटी ओहायोतून एक बाई आल्या. चाळिशीच्या, स्वतःचे दुरुस्तीचे गॅरेज असलेल्या, वडिलांच्या हाताखाली पॉन्टिअ‍ॅकवर शिकलेल्या. त्यांनी आल्याआल्या बोनेट उघडले नाही. दार उघडले, गुडघ्यावर बसून बिजागरीजवळची पट्टी वाचली, तिच्या कडांवरून नख फिरवून ती पूर्वी कधी उखडलेली नाही ना हे पाहिले, मग डिकीतला पत्र्याचा तुकडा पाहिला, आणि छतावरच्या तड्यांना हात लावून म्हणाल्या, "याला कोणी हात लावला नाही, बरे झाले." खाली जाऊन त्यांनी अ‍ॅक्सल, ब्रेकच्या नळ्या, चेसिसचे कोपरे पाहिले. या गाडीला मूळचा एकपदरी ब्रेक होता, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जात. आजोबांनी सुरक्षिततेसाठी दुपदरी मास्टर सिलिंडर बसवला होता आणि मूळचा तेलात बुडवून डब्यात ठेवला होता. बाईंनी तो डबाही मागून घेतला. कार्ब्युरेटरांविषयी त्या म्हणाल्या की काही वर्षे तिन्ही तसेच ठेवीन, दरम्यान १९६५ चा चार तोंडांचा कार्टर कंपनीचा कार्ब्युरेटर आणि त्याची नळी शोधीन, आणि मिळाल्यावर ठरवीन. तिन्ही काढले तरी विकणार नाही, गाडीबरोबरच राहतील. सौदा फार वेळ चालला नाही.

निघण्याआधी त्यांनी मायलेज विचारले. या गाडीच्या मीटरवर पाच आकडे असतात. ९९,९९९ झाले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मीटरवर ३८,६१२ होते, आणि विकणारा गप्प राहिला तर एवढ्यावरही गाडी खपते. आजोबांनी कामाच्या टेबलाखालून तपकिरी पुठ्ठ्याची वही काढली. १९६८ पासूनची प्रत्येक तेलबदली, प्रत्येक टायर, १९८१ चा फेंडर, इंजिन उघडल्याची तारीख, सगळे तिच्यात एकाच अक्षरात होते. शेवटच्या अकरा वर्षांत काही नोंदी माझ्या इंग्रजी अक्षरात. वहीचे अस्तित्व मला माहीत होते, पण ते तीही गाडीबरोबर देतील असे मला वाटले नव्हते. त्यांनी चष्मा लावला, नव्या ओळीवर तारीख लिहिली, बाईंचे गाव लिहिले, मग मीटरकडे एकदा बघून ३८,६१२ लिहिले आणि त्याच्या आधी, थोडी जागा सोडलेली होती तिथे, ठळक एक काढला.